घर विकण्यापूर्वी मूल्यांकन : आधी रंगकाम की आधी कागदपत्रे?

सोनचाफा
नमस्कार. कोल्हापुरात नागाळा पार्क परिसरातील आमचे घर विकण्याचे आम्ही ठरवले आहे. वडिलांनी १९८४ मध्ये हा बैठा बंगला बांधला. भूखंड साधारण २,४०० चौरस फुटांचा आहे, तळमजल्याचे बांधकाम १,२०० चौरस फुटांच्या आसपास आहे आणि १९९६ मध्ये वर एक खोली आणि न्हाणीघर वाढवले. वडील आता नाहीत, आई माझ्याकडे पुण्याला असते आणि भाऊ परदेशात आहे. २०१९ च्या महापुरात तळमजल्यात कमरेइतके पाणी होते, २०२१ मध्येही पाणी आत आले होते आणि त्यानंतर घर बहुतांशी बंदच आहे.

आमच्या एका पाहुण्यांच्या मते मूल्यांकन करणारे येण्याआधी फरशी, न्हाणीघर आणि स्वयंपाकघराचा ओटा नवा करावा, शिवाय आतून-बाहेरून रंग द्यावा, म्हणजे किंमत चांगली धरली जाते. त्यांनी आणून दिलेले अंदाजपत्रक सहा लाखांचे आहे. हा खर्च खरोखर वसूल होतो का, आणि होत नसेल तर घर दाखवण्यापूर्वी नेमके काय करावे, हे अनुभवी सभासदांनी कृपया सांगावे.

विसारपावती
ताई, घरांची खरेदी-विक्री हाच माझा व्यवसाय असल्याने सांगतो. सहा लाख घालू नका, परंतु रंग मात्र अवश्य द्या. घेणारा माणूस कागद बघायला येत नाही, घर बघायला येतो, आणि दारातून आत पाऊल टाकताच त्याचे मन एक तर बसते किंवा उठते. बंद घराचा कुबट वास आला आणि भिंतीवर पुराची पिवळी रेघ दिसली, तर पुढचे बोलणे पाच-दहा लाख खालूनच सुरू होते. ती रेघ झाकली जाईल एवढे तरी करून घ्या.

लाल_वीट
सोनचाफाताई, मी स्थापत्य अभियंता असून बँकांसाठी मूल्यांकनाचे काम करतो. आमचा हिशेब कसा चालतो ते पाहिलेत, तर सहा लाखांचा निर्णय तुमचा तुम्हालाच घेता येईल.

स्वतंत्र घराच्या बाबतीत जमीन आणि बांधकाम यांची किंमत वेगवेगळी काढली जाते. जमिनीला त्या भागातील प्रत्यक्ष व्यवहारांचा दर लागतो. बांधकामासाठी तसेच घर आज नव्याने बांधायला किती खर्च येईल तो आकडा धरायचा आणि त्यातून वयाचा घसारा वजा करायचा. समजा, आजचा बांधकाम खर्च चौरस फुटाला १,८०० रुपये धरला, तर १,२०० चौरस फुटांचे २१ लाख ६० हजार होतात. आरसीसी घराचे आयुष्य ६० वर्षे आणि शेवटी उरणारे भंगारमूल्य १० टक्के धरले, तर ४० वर्षांच्या घराचा घसारा ६० टक्के होतो आणि बांधकामाचे मूल्य ८ लाख ६४ हजार उरते. ज्या वस्तूची किंमत साडेआठ लाखांच्या घरात आहे तिच्यावर सहा लाख खर्च केल्याने ती साडेचौदा लाखांची होत नाही. देखभाल उत्तम असेल तर आम्ही घराचे उरलेले आयुष्य थोडे वाढवून धरतो हे खरे, मात्र त्यासाठी स्लॅब गळत नाही, सळई गंजून उघडी पडलेली नाही आणि भिंतींना तिरके तडे नाहीत एवढेच पाहिले जाते. ओट्याचा ग्रॅनाइट कोणत्या रंगाचा आहे याने काही फरक पडत नाही.

दुसरी बाब १९९६ च्या खोलीची. तिचा मंजूर नकाशा नसेल, तर बहुतेक बँका त्या बांधकामाचे मूल्य धरतच नाहीत. तेव्हा रंगाऱ्याला बोलावण्यापूर्वी कपाटातील जुन्या फायली उघडाव्यात, असे सुचवतो.

सातवी_गल्ली
एक भाबडा प्रश्न. मूल्यांकन करणाऱ्या साहेबांना दुपारी तांबडा-पांढरा रस्सा वाढला, तर जमिनीचा दर थोडा चढतो का?

लाल_वीट
रस्स्याने आमची झोप वाढते, दर वाढत नाही. शिवाय जेवणानंतर मापे चुकली तर नुकसान घरमालकाचेच होईल.

रंकाळाकाठ
विसारपावती यांच्याशी मी सहमत नाही. आम्ही अलीकडेच जुने घर विकत घेतले असल्याने खरेदीदाराच्या बाजूने लिहितो. रिकाम्या घराला ताज्या रंगाचा वास येत असला की आमचे सासरे पहिली शंका घेत, ती म्हणजे काय झाकले आहे ही. ते बोटाच्या पेराने गिलावा वाजवत चालत आणि जिथे बद्द आवाज येई तिथे थांबत. चौकटीच्या तळाशी, उंबऱ्याजवळ ते किल्लीचे टोक दाबून पाहत. वाळवी लागलेल्या लाकडात ते लोण्यात शिरावे तसे शिरते. एका घरात बैठकीची खोली नवीकोरी होती, परंतु जिन्याखालच्या अडगळीत कोणी रंग मारला नव्हता आणि तिथल्या भिंतीचा चुना हाताला लागत होता. आम्ही ते घर सोडले. जे घर घेतले त्याच्या मालकांनी गळणारा कोपरा स्वतःहून दाखवला आणि त्याच्या दुरुस्तीचे अंदाजपत्रक समोर ठेवले. आम्ही तेवढी रक्कम वजा करून मागितली, त्यांनी निम्मी दिली आणि व्यवहार झाला.

कायदाप्रेमी
पुराची रेघ झाकण्याच्या सल्ल्याबद्दल थोडे लिहिणे आवश्यक वाटते. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातील कलम ५५ प्रमाणे, मालमत्तेतील किंवा मालकी हक्कातील जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला ठाऊक आहे, परंतु घेणाऱ्याला ठाऊक नाही आणि सामान्य काळजी घेऊनही सापडण्यासारखा नाही, तो उघड करणे विकणाऱ्याला बंधनकारक आहे. नागाळा पार्कात पूर आला होता हे सगळ्या गावाला माहीत आहे, हे मान्य. परंतु पाणी घरात किती चढले आणि त्यामुळे वायरिंग किंवा पाया यांचे काय झाले, हे घरच्यांनाच माहीत असते. ते साठेखतात (विक्रीच्या आधीच्या करारात) एका वाक्यात लिहून ठेवले, तर पुढे वाद घालायला जागा राहत नाही.

विसारपावती
वकीलसाहेब, मी खोटे बोला असे म्हटलेले नाही. विचारले तर सांगावेच. परंतु मुलगी दाखवताना कोणी तिची जुनी दुखणी पाटावर मांडत नाही, एवढेच माझे म्हणणे होते.

रंकाळाकाठ
आजकाल मुलीही मुलाचे वैद्यकीय अहवाल मागतात, साहेब.

माळवद
चर्चा बंगल्याची असली तरी पेठांमधील परिस्थिती नोंदवून ठेवतो, कारण हा धागा पुढे इतरांनाही उपयोगी पडेल. शिवाजी पेठेत किंवा मंगळवार पेठेत जुने कौलारू घर विकायचे असेल, तर रंगाचा विचारसुद्धा करू नये. घेणारा ते पाडणारच असतो. तिथे किंमत ठरते ती जागेच्या रुंदीवर, समोरच्या बोळातून गाडी आत येते की नाही यावर आणि भाडेकरू आहे की नाही यावर. जुन्या भाडेकरूला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चे संरक्षण असते, आणि तसा भाडेकरू मागच्या सोप्यात राहत असेल तर पुढचा भाग कितीही सजवला तरी घेणारा हात आखडताच घेतो. आमच्याकडे सागवानी तुळया आणि दाराच्या चौकटी यांचा व्यवहार घराच्या व्यवहारापासून वेगळा करावा, असे एका जाणत्या सुताराने सुचवले होते. त्या लाकडाला चांगली मागणी असते, पण मूल्यांकनाच्या अहवालात मात्र ते 'जीर्ण बांधकाम' या दोन शब्दांत संपून जाते.

सोनचाफा
सर्वांचे आभार. लाल_वीट यांच्या सांगण्याप्रमाणे फायली काढल्या. प्रॉपर्टी कार्डावर अजून वडिलांचेच नाव आहे. क्षेत्र २१९.४ चौरस मीटर लिहिले आहे, म्हणजे खरेदीखतातील २,४०० चौरस फुटांपेक्षा थोडे कमी भरते. मूळ घराचा मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र मिळाले. वरच्या खोलीचा कागद सापडत नाही, मात्र घरफाळ्याच्या पावत्यांवर तिची आकारणी झालेली दिसते. म्हणजे ती नियमित समजायची का? वडिलांनी मृत्युपत्र केलेले नव्हते आणि भाऊ कॅनडात आहे.

कायदाप्रेमी
ताई, महापालिकेने घरफाळा घेतला म्हणजे बांधकाम नियमित झाले असे होत नाही. आकारणी आणि परवानगी या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. परवानाधारक अभियंत्यामार्फत नगररचना विभागात प्रस्ताव देऊन, चटई क्षेत्र (भूखंडावर बांधता येणारे एकूण क्षेत्र) शिल्लक असल्यास, प्रशमन शुल्क (दंडवजा शुल्क) भरून ती खोली नियमित होऊ शकते का, हे पाहावे. होत नसेल तर ती खोली किमतीत न धरता, आहे तशी दाखवावी.

मृत्युपत्र नाही आणि घर वडिलांनी स्वतः घेतलेले आहे, त्यामुळे हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे आई, तुम्ही आणि भाऊ यांचा समान हिस्सा होईल, अर्थात आजी हयात नाहीत असे मी गृहीत धरतो. नगर भूमापन कार्यालयात वारस नोंद करून तिघांची नावे कार्डावर आणणे हे पहिले काम. क्षेत्रातील फरकासाठी मोजणीचा अर्ज त्याच वेळी द्यावा, कारण बँक दोन्हींपैकी कमी असलेले क्षेत्रच धरणार. भावाला येणे शक्य नसेल, तर त्याने तेथील भारतीय वकिलातीत मुखत्यारपत्र साक्षांकित करून पाठवावे, आणि ते भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्यावे. यात वेळ जातो. घेणारा दारात उभा राहिल्यावर ही धावपळ सुरू केली, तर तो दुसरे घर बघतो.

हिशेबनीस
एक गोष्ट कोणीच मांडली नाही म्हणून लिहितो. ताई, तुम्हाला एक नव्हे, दोन मूल्यांकने लागणार आहेत. आजची किंमत हे एक. दुसरे १ एप्रिल २००१ रोजीच्या किमतीचे. घर १९८४ चे असल्याने भांडवली नफा काढताना वडिलांचा मूळ खर्च न धरता २००१ ची रास्त बाजारकिंमत धरता येते, मात्र ती त्या दिवशीच्या मुद्रांक मूल्यापेक्षा (मुद्रांक शुल्कासाठी सरकारने धरलेल्या किमतीपेक्षा) जास्त धरता येत नाही. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरासाठी निवासी भारतीयाला महागाई निर्देशांक न लावता साडेबारा टक्के किंवा निर्देशांक लावून वीस टक्के, यांपैकी जो कर कमी येईल तो भरण्याची मुभा आहे. तुमचा भाऊ अनिवासी असल्याने त्याला ही निवड मिळत नाही, त्याच्या हिश्श्याचा हिशेब वेगळा होईल. शिवाय घेणाऱ्याला त्याच्या हिश्श्यावर निवासी विक्रेत्याप्रमाणे एक टक्का नव्हे, तर बऱ्याच जास्त दराने कर कापावा लागतो. भावाने आधीच अर्ज करून कमी कपातीचे प्रमाणपत्र आणले, तर रक्कम अडकून पडणार नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाशी याचा संबंध असा, की २००१ चे मूल्यांकन करणाऱ्या नोंदणीकृत मूल्यांककाला त्या काळचे घर पाहायचे असते. जुनी फरशी, जुनी लाकडी खिडकी, वरची खोली १९९६ पासून असल्याच्या पावत्या, त्या वेळचे छायाचित्र, हाच त्याचा पुरावा. तोडफोड करून सगळे नवे केलेत, तर तो पुरावाच गेला. रंगरंगोटीचा खर्च नफ्यातून वजा होत नाही, हेही लक्षात घ्यावे. २००१ नंतर केलेली खरी सुधारणा, उदाहरणार्थ नवा स्लॅब किंवा कूपनलिका, बिले असतील तर वजा होते.

सातवी_गल्ली
म्हणजे अडगळीतली पावत्यांची ट्रंक ही घरातील सर्वांत मौल्यवान वस्तू निघाली. आमच्या आईने गेल्या दिवाळीत तशीच एक ट्रंक रद्दीवाल्याला दिली.

विसारपावती
हिशेबनीस साहेब, सगळे मान्य, परंतु इथे बरेच व्यवहार थोडे वर, थोडे खाली असे होतात, हेही खरे आहे.

हिशेबनीस
होत असतील. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास बंदी आहे आणि दंड घेतलेल्या रकमेइतकाच होऊ शकतो. शिवाय रेडी रेकनरचे (सरकारी दरतक्त्याचे) मूल्य खरेदीखतातील रकमेपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक जास्त असले, तर कर रेडी रेकनरच्याच आकड्यावर बसतो. या धाग्यावर यापेक्षा जास्त लिहिण्याची माझी इच्छा नाही.

पंचगंगाकाठ
आमचे घर तुमच्यापासून फार दूर नाही. दोन्ही पुरांत आमच्याही घरात पाणी होते, त्यामुळे भिंतींविषयी अधिकाराने लिहितो. पुराच्या पाण्यात भिजलेल्या विटांमध्ये क्षार राहतात, आणि भिंत वाळताना ते पाण्याबरोबर पृष्ठभागावर येऊन पांढरा लोणा धरतो. त्यावर सरळ पुट्टी आणि प्लास्टिक पेंट लावला, तर ओल आत कोंडते आणि पहिल्या पावसाळ्यानंतर पापडासारखे पोपडे सुटतात. आम्ही ओलीच्या रेषेच्या वर वीतभर जाईपर्यंत गिलावा खरवडून काढला, विटा उघड्या ठेवून उन्हाळाभर खिडक्या-दारे उघडी ठेवली आणि भिंत कोरडी झाल्यावरच नव्याने गिलावा केला. आतून चुन्याचा हात दिला, कारण चुना ओल बाहेर जाऊ देतो. पाण्यात बुडालेले स्विच आणि तळातील वायरिंग बदलून बोर्ड साडेचार फुटांवर घेतले. हे काम दिखाऊ नाही, परंतु घर बघायला येणारा माणूस ते बोर्ड बघतो आणि काही न विचारता मान डोलावतो.

आता पूररेषेविषयी. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा, यांपैकी तुमचा भूखंड कुठे येतो, याचा दाखला नकाशासह नगररचना विभागातून आधीच काढून ठेवा. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामावर कडक निर्बंध असतात. दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात जोत्याच्या उंचीसारख्या अटी पाळून परवानगी मिळू शकते. त्यामुळे बांधकाम व्यावसायिक आणि राहण्यासाठी घर घेणारा यांच्या किमतींत मोठा फरक पडतो. आणि गिऱ्हाईक आता फार नेमके विचारते. पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी, हे शहरातील पोरासोरांनाही पाठ आहे. म्हणून घेणारा 'तुमच्याकडे पूर येतो का' असे विचारतच नाही, 'बंधाऱ्यावर किती फूट झाले की तुमच्या दारात पाणी येते' असे विचारतो. त्याचे खरे उत्तर तयार ठेवा.

लाल_वीट
पंचगंगाकाठ यांच्या म्हणण्याला पूर्ण दुजोरा. पूररेषेचा दाखला नसेल तर मला अहवालात सावधगिरीचा शेरा मारावा लागतो, आणि बँकेतील अधिकारी तो शेरा सर्वांत आधी वाचतो. दाखला असेल, मग तो प्रतिकूल असला तरी, निदान प्रकरण पुढे सरकते.

विसारपावती
बंधाऱ्याच्या फुटांचा प्रश्न मलाही प्रत्येक गिऱ्हाईक विचारते, हे कबूल करावेच लागेल. रेघ झाकण्याचा सल्ला मागे घेतो. गिलावा खरवडण्याचाच मार्ग योग्य आहे. परंतु आवराआवरीचा मुद्दा सोडणार नाही. बंद घरातील मोडकी कपाटे, गाद्या आणि जुनी वर्तमानपत्रे काढल्याशिवाय घर दाखवू नका, टाकी धुऊन नळ चालू ठेवा आणि पितृपक्ष टाळा. त्या पंधरवड्यात आमचा फोनसुद्धा वाजत नाही. पावसाळ्यात दाखवले तर ओल दिसेल आणि लोक बिचकतील, म्हणून दसऱ्यानंतर सुरुवात करा.

रंकाळाकाठ
उलट मी तर जुन्या घरांची पाहणी मुद्दाम जुलैमध्येच केली. भर पावसात कोरडे असलेले घर बघितल्यावर मी घासाघीस कमी केली.

सोनचाफा
फरशी, ओटा आणि न्हाणीघर यांचे काम रद्द केले आहे. वारस नोंदीचा आणि मोजणीचा अर्ज एकाच दिवशी दिला. हिशेबनीस यांनी सांगितल्याप्रमाणे आजची स्थिती छायाचित्रांत टिपून ठेवली आणि २००१ च्या मूल्यांकनासाठी नोंदणीकृत मूल्यांककांशी बोलले. त्यांची पाहणी होईपर्यंत एक खिळाही हलवणार नाही. त्यानंतर तळमजल्याचा गिलावा, वायरिंग आणि गच्चीचे वॉटरप्रूफिंग एवढेच करायचे, आणि रंग भिंती वाळल्यावर, म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात. भावाला हा विलंब पसंत नाही, पण मुखत्यारपत्रालाच वेळ लागणार असल्याचे कळल्यावर तो गप्प बसला. एक प्रश्न उरतो. वडिलांनी करून घेतलेले सागवानी देवघर भिंतीत बसवलेले आहे आणि आईला ते हवे आहे. मूल्यांकनात ते घराचा भाग धरले जाते का?

लाल_वीट
भिंतीत पक्के बसवलेले असेल तर घेणारा ते घरासोबत येणार असेच समजतो. आईंना हवे असेल तर घर दाखवायला सुरुवात करण्यापूर्वीच सुताराकडून काढून घ्या आणि मागचा कोनाडा बुजवून घ्या. मात्र २००१ वाल्या मूल्यांककांची पाहणी झाल्यावरच हात लावा. इन्व्हर्टर, कूपनलिकेची मोटर आणि पंखे यांचेही काय करायचे ते साठेखताच्या परिशिष्टात लिहून टाका. लाखोंच्या व्यवहारात शेवटच्या दिवशी भांडणे पंख्यांवरूनच होतात.

माळवद
आणि अंगणात सोनचाफा असेल तर तोही परिशिष्टात लिहा.